वत्सगुल्म आणि आश्रयाचा सिद्धान्त

दोन बलाढ्य सत्तांच्या चढाओढीत सापडलेल्या लहान, नवजात राज्याने त्यांतल्या एकीची कास धरावी, नाहीतर पुसले जाण्याची तयारी ठेवावी, हे मत आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या चर्चेत इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कोणाला वाटत नाही. याला आश्रयाचा सिद्धान्त म्हणता येईल. लहानाला परराष्ट्रनीती नसतेच, त्याच्या हाती असते ती फक्त मालकाची निवड, असा त्याचा गाभा. पुष्टीसाठी जगाच्या इतिहासातून मेलोस बेटाचा आणि विदर्भाच्या इतिहासातून वाकाटक-गुप्त विवाहाचा दाखला दिला जातो. दोन्ही दाखले नीट तपासले तर सिद्धान्तावरच उलटतात. वाकाटकांची जी शाखा आजच्या वाशिममधून राज्य करत होती, तिचा दाखला मात्र या चर्चेत कोणी काढत नाही.

मेलोसचे प्रकरण थोडक्यात असे. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने या बेटाला वेढा घातला. बेट शरण आल्यावर पुरुषांची कत्तल केली आणि बायकामुलांना गुलाम केले. इतिहासकार थ्युसिडिडीजने या प्रसंगी रंगवलेला संवाद दुबळ्यांच्या असहायतेचा पुरावा म्हणून शिकवला जातो. त्या संवादात मेलोसवासी स्पार्टाच्या मदतीची आशा धरून बसलेले दिसतात, कारण ते मूळचे स्पार्टाच्या वसाहतीतले. स्पार्टाची फौज आली नाही. म्हणजे ज्या बेटाच्या नाशावरून ‘कोणाचा तरी आश्रय घ्या’ असे सांगितले जाते, ते बेट आश्रयदात्याच्या भरवशावरच बुडाले. यावर ‘आश्रयदाता चुकीचा निवडला’ असे उत्तर येते. ते मान्य केले तर सिद्धान्ताला हरवणेच अशक्य होते: आश्रय फळला तर सिद्धान्त खरा, बुडवून गेला तर निवड खोटी. अशा मताला सिद्धान्त म्हणण्यापेक्षा श्रद्धा म्हणणे बरे.

विदर्भाचा दाखला अधिक गुंतागुंतीचा आहे आणि अधिक बोलका.

वाकाटक घराण्याचा पहिला प्रवरसेन सुमारे इ.स. २७० ते ३३० या काळात सम्राट म्हणवून घेत असे. चार अश्वमेध केल्याचा उल्लेख घराण्याच्या लेखांत येतो. त्याचे चार मुलगे राजे झाले असे पुराणे सांगतात. पुराव्याने दिसतात त्या दोन शाखा. एक नंदिवर्धनची, म्हणजे आजच्या रामटेकजवळच्या नगरधन परिसरातली. दुसरी सर्वसेनाने वत्सगुल्म येथे, म्हणजे वाशिमला, स्थापलेली. सर्वसेनाचे राज्य त्या काळच्या मोजमापाने नवेच होते: बापाच्या साम्राज्याचा एक तुकडा, राजधानी नवी, आणि चारी बाजूंना आपापल्या घाईत असलेल्या सत्ता. ईशान्येला थोरली शाखा, तिच्या पलीकडे गंगाकाठी वाढत चाललेले गुप्त, पश्चिमेला माळवा-सौराष्ट्रातले क्षत्रप, दक्षिणेला कुंतल. चौथ्या शतकाच्या मध्याला समुद्रगुप्ताने दक्षिणापथातल्या बारा राजांना जिंकून सोडून दिल्याचे प्रयागचा स्तंभलेख सांगतो. अशा शेजारात हे राज्य सुमारे ३३० पासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे टिकले.

हे राज्य वेगळे होते हेसुद्धा अभ्यासकांना उशिरा कळले. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातला लेख झिजलेला. त्यातली काही राजनावे आधी चुकीची वाचली गेली आणि सगळे वाकाटक एकाच वंशावळीत बसवले गेले. १९३९ साली वाशिमला चार ताम्रपट मिळाले. वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केल्यावर सर्वसेन हा प्रवरसेनाचा मुलगा आणि विंध्यशक्ती (दुसरा) हा सर्वसेनाचा मुलगा हे स्पष्ट झाले, आणि अजिंठ्याच्या लेखातली नावेही दुरुस्त झाली. म्हणजे आश्रयाच्या सिद्धान्ताला विदर्भातून आधार शोधणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांपुढे वत्सगुल्म हे राज्यच नव्हते.

हे ताम्रपट परराष्ट्रसंबंधांच्या दृष्टीने जवळून पाहण्यासारखे आहेत. दान विंध्यशक्तीच्या ३७व्या राज्यवर्षाचे, वत्सगुल्महून दिलेले. वंशावळीचा भाग संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात. दान दिलेले गाव नांदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तरेकडील मार्गावरचे. राज्याचा पाय गोदावरीच्या दिशेने पसरत होता, हे यातून दिसते. राजाने आणि त्याच्या बापाने घेतलेली पदवी ‘धर्ममहाराज’. गुप्तांची पदवी ‘महाराजाधिराज’. ‘धर्ममहाराज’ ही पदवी दक्षिणेत पल्लव आणि कदंब राजे लावत. पदवीवरून सगळे धोरण ठरवता येत नाही, हे खरेच. पण कोणत्या राजांच्या पंगतीत बसायचे हे पदवीतून जाहीर होत असते, आणि वत्सगुल्मच्या राजांनी पाटलीपुत्राकडे पाहून ती निवडलेली नाही. अजिंठ्याचा लेख याच राजाला विंध्यसेन म्हणतो आणि त्याने कुंतलेश्वराला हरवल्याचे सांगतो. त्याची लढाई लगतच्या दक्षिणी शेजाऱ्याशी होती. क्षत्रप आणि गुप्त यांच्या भांडणात वत्सगुल्मच्या फौजा उतरल्याचे एकही लेख सांगत नाही.

थोरल्या शाखेने दुसरी वाट धरली. चौथ्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रुद्रसेनाचा विवाह दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिच्याशी झाला. क्षत्रपांवर चालून जाणाऱ्या उत्तरेकडच्या राजाला वाकाटकांची भूमी फार उपयोगी किंवा फार अडचणीची ठरू शकली असती, हे इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने १९१४ मध्ये दाखवले. तेव्हापासून हा विवाह म्हणजे शहाणपणाच्या आश्रयाचा नमुना, असे पाठ्यपुस्तकांतून येऊ लागले. स्मिथचे निरीक्षण बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे, कारण स्मिथने सांगितला तो गुप्तांचा फायदा. वाकाटकांच्या पदरी काय पडले हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर त्यांच्याच ताम्रपटांत आहे.

रुद्रसेन लवकर वारला आणि राज्य अल्पवयीन मुलांच्या नावाने प्रभावतीगुप्तेच्या हाती आले. तिच्या कारभाराच्या १३व्या वर्षीचा, नंदिवर्धनहून दिलेला ताम्रपट पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे मिळाला. त्याच्या मुद्रेवर ती वाकाटक युवराजाची आई म्हणून शासन देते. पट उघडला की मजकुराची सुरुवात होते ती गुप्तांच्या वंशावळीने. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त असे एकेक नाव येते, मग त्याची मुलगी म्हणून प्रभावती. गोत्रही माहेरचे, धारण. सासरचा राजवंश तिच्या नवऱ्यापुरता उरतो. चार अश्वमेध करणारा प्रवरसेन तिथे नाही. भैरव आणि महेश्वराचे भक्त असलेल्या या घराण्यातला रुद्रसेन चक्रपाणी विष्णूच्या कृपेने वैभव पावला असे पुढचे लेख सांगतात. ही गुप्तांचीच भक्ती. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन सत्तेवर आल्यावर पुन्हा शंभूकडे वळलेला आणि आपली वंशावळ पहिल्या प्रवरसेनापासून सांगू लागलेला दिसतो. ज्या राज्याला आपली वंशावळ परत मिळवावी लागते, त्याने आश्रयाची किंमत मोजली नाही असे कोणी म्हणू नये.

किंमत मोजून संरक्षण तरी मिळाले का? पाचव्या शतकात नल राजा भवदत्तवर्मा याने एक दानपत्र खुद्द नंदिवर्धनहून दिले. म्हणजे थोरल्या शाखेची जुनी राजधानी शत्रूच्या हाती गेली होती. नंतर शाखेचा कारभार पद्मपुराहून चाललेला दिसतो. दुसऱ्या पृथ्वीषेणाचे वर्णन बालाघाटच्या ताम्रपटात बुडालेला वंश दोनदा वर काढणारा असे आहे. बुडती वेळ आली तेव्हा गुप्त आपल्याच अडचणींत होते. स्कंदगुप्त हूणांशी आणि घरच्या संकटांशी झगडत होता. नलांविरुद्ध गुप्तांची कुमक आल्याचे कोठेही नोंदलेले नाही. आश्रयदाता बलाढ्य असतो तेव्हा तो आपल्या कामासाठी बलाढ्य असतो, आणि त्याचे संकट व आश्रिताचे संकट एकाच वेळी येण्याची शक्यता नेहमीच मोठी, कारण पुष्कळदा दोघांनाही तीच उलथापालथ भोवते.

या तुलनेवर एक वाजवी आक्षेप आहे. वत्सगुल्म आणि गुप्त यांच्यामध्ये थोरली शाखा उभी होती. धाकट्यांनी अलिप्तपणा मिरवला तो थोरल्यांच्या आडोशाला राहून, असे म्हणता येते. भूगोलाचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण तो लाभ एकट्या वत्सगुल्मला नव्हता आणि तो आपोआप टिकतही नाही. विंध्य आणि सातपुड्याची भिंत थोरल्या शाखेलाही होती. विवाहाने तिने त्या भिंतीला दार पाडले. शिवाय वत्सगुल्मचा खरा धोका उत्तरेला नव्हताच. तो कुंतलाकडून होता, आणि तिकडे कोणाचाही आडोसा नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे. बालराजाचा प्रसंग दोन्ही घरांत आला. वत्सगुल्मच्या (थोरल्या शाखेतल्याहून वेगळ्या) दुसऱ्या प्रवरसेनानंतर गादीवर आलेला त्याचा मुलगा अवघा आठ वर्षांचा होता आणि तरी त्याने राज्य नीट चालवले, असे अजिंठ्याचा लेख म्हणतो. आठ वर्षांचे मूल राज्य चालवत नाही. चालवतात ते अमात्य. वत्सगुल्मच्या अमात्यांचा मागोवा लागतो. पुढच्या देवसेन राजाचा अमात्य हस्तिभोज, त्यानंतरच्या हरिषेण राजाचा अमात्य हस्तिभोजाचा मुलगा वराहदेव; घटोत्कच लेण्यातल्या लेखात हे वल्लूरचे ब्राह्मण घराणे असून पिढ्यान्पिढ्या वाकाटकांच्या सेवेत असल्याचे सांगितले आहे. देवसेनाने राज्याचा भार हस्तिभोजावर टाकून सुखोपभोग घेतला हेही अजिंठ्याचा लेख कौतुकाच्या सुरात सांगतो. आजच्या वाचकाला ते कौतुक खटकेल. पण ज्या घरात राजा लहान असो वा चैनी, फौज आणि वसुली घरच्याच माणसांच्या हाती राहते, तिथे परक्या दरबाराला शिरकाव करायला फट सापडत नाही. नंदिवर्धनला ती फट अंतःपुरापर्यंत उघडी होती.

वत्सगुल्मचा कारभार कसा होता याची एक खूण वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथे सापडली. देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने तिथे सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याचा शिलालेख आहे; वर्ष शक ३८०, म्हणजे इ.स. ४५७-५८. वाकाटकांचे इतर लेख राजाच्या राज्यवर्षाने काळ सांगतात, हा मात्र शकात बोलतो. त्याच सुमारास, गुप्त संवत १३७ म्हणजे इ.स. ४५६-५७ मध्ये, गिरनारच्या पायथ्याचा फुटलेला सुदर्शन तलाव स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने दुरुस्त केला. नावाचा हा योगायोग आहे की वाशिमकरांनी गिरनारची बातमी ऐकून नाव ठेवले, यावर तर्क लढवण्याची गंमत अभ्यासकांनी घेतलेली आहे. परराष्ट्रनीतीच्या दृष्टीने मुद्दा साधा आहे. गुप्तांच्या कीर्तीचे नाव घ्यायला वत्सगुल्मला हरकत नव्हती, त्यांचा संवत मात्र घेतला नाही. ज्या वर्षांत थोरली शाखा हेलकावे खात होती, त्या वर्षांत धाकटी शाखा पाणी साठवण्याच्या कामात होती. लहान राज्याची परराष्ट्रनीती दरबारात ठरत असली तरी ती पेलण्याची ताकद अशा तलावांतून येते. उत्पन्न घरचे नसेल तर दूतांची भाषा कितीही सफाईदार असली तरी शेवटी हात पसरावाच लागतो.

वत्सगुल्मचे गोडवे गाणाऱ्यांनाही येथे थांबवले पाहिजे, कारण उलट बाजूचा अतिरेकही तितकाच चुकीचा आहे. हरिषेणाच्या काळात हे लहान राज्य एकाएकी मोठे झाले. अजिंठ्याच्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र अशी नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. श्लोकातले क्रियापद तुटून गेले आहे. त्यामुळे हे देश जिंकले, दबावाखाली आणले की नुसते भिवविले, हे ठामपणे सांगता येत नाही. अजिंठ्याच्या उत्तम लेण्यांपैकी काही याच वैभवात कोरली गेली. आणि हरिषेणानंतर हे राज्य टिकले नाही. गुप्त तर तेव्हा स्वतःच ओसरले होते, तेव्हा एखाद्या महासत्तेने वत्सगुल्म गिळले असे म्हणायला जागा नाही. ते आतून आणि लगतच्या मांडलिकांकडून फुटले असावे.

या पतनाची आठवण दंडीच्या दशकुमारचरितातल्या विश्रुताच्या गोष्टीत उरली आहे, असे मिराशींचे मत. कादंबरीला इतिहास मानण्याचे कारण नाही, पण राजनीतीचा नमुना म्हणून ती गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून सरस आहे. विदर्भाचा तरुण राजा अनंतवर्मा. म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला दंडनीती शिकायला सांगतो; विहारभद्र नावाचा तोंडपुज्या ती विद्या म्हणजे नसती उठाठेव असे सांगून त्याची टवाळी करतो, आणि राजाला टवाळी पटते. मांडलिक असलेला अश्मकाचा राजा वसंतभानू आपल्या मंत्र्याच्या मुलाला, चंद्रपालिताला, हाकलून दिल्याचे नाटक करून विदर्भाच्या दरबारात पेरतो. तो राजाला शिकारीची आणि जुगाराची चटक लावतो. मग वनवासीच्या राजाला चिथावून विदर्भावर चढाई घडवली जाते. अनंतवर्मा कुंतल, मुरल, ऋषीक, कोंकण, नासिक्य इथल्या मांडलिकांना बोलावतो, आणि त्यांतलेच फितूर होऊन त्याचा घात करतात. शेवटी लुटीच्या वाटणीवरून त्या सगळ्यांना आपसात लढवून वसंतभानू विदर्भ एकटाच पदरात पाडतो. विधवा राणी मुलांना घेऊन माहिष्मतीला पळते. या सबंध गोष्टीत एकही महासत्ता नाही. मोठ्यांच्या चढाओढीवर डोळे लावून बसलेल्या लेखकांना लहानाचा हा खरा शत्रू, दारातला मांडलिक आणि ओसरीवरचा तोंडपुज्या, दिसतच नाही.

भारतीय राजनीतीच्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. अर्थशास्त्राचे बारावे अधिकरण सबंध दुबळ्या राजावर आहे. तिथे कौटिल्य दोन जुनी मते मांडून खोडतो. भारद्वाज म्हणतो, बलवानापुढे वेतासारखे सर्वत्र वाकावे. विशालाक्ष म्हणतो, होते नव्हते ते बळ एकवटून लढावे. कौटिल्याच्या मते सदा वाकणारा जगण्याचीच आशा गमावतो, आणि तुटपुंज्या सैन्याने लढणारा होडीवाचून समुद्रात शिरतो. तो आश्रय नाकारत नाही, पण वरचढ राजाशी जवळीक हा मोठा धोका, शत्रूशी प्रत्यक्ष युद्ध चालू असल्याखेरीज तो पत्करू नये, असेही सातव्या अधिकरणात सांगतो. आणि मजबूत दुर्ग हाही आश्रयच मानतो. आश्रयाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते कौटिल्याचे नाव वारंवार घेतात. त्यांनी भारद्वाजाचे नाव घेतले तर अधिक प्रामाणिक होईल.

‘मग दोन्हीकडून खावे’ असा तिसरा सल्ला अलीकडे लोकप्रिय आहे. याची परीक्षा याच भूमीत अठराव्या शतकात झाली. वऱ्हाडच्या महसुलात निजाम आणि नागपूरकर भोसले दोघांचा हात होता, आणि पुण्याला पेशवे वरचढ. १७६३ साली जानोजी भोसले निजामाबरोबर पुणे लुटायला गेले. त्याच वर्षी १० ऑगस्टला राक्षसभुवनच्या लढाईआधी ३२ लाखांच्या मुलखाच्या वचनावर ते निजामाला सोडून माधवराव पेशव्यांकडे आले. हा व्यवहार वरकरणी फायद्याचा. तीन वर्षांत पेशवे आणि निजाम एक झाले, जानोजींवर चालून आले आणि त्यांतला २४ लाखांचा मुलूख परत घेतला. १७६९ च्या कनकापूरच्या तहात दिल्ली, निजाम, इंग्रज अशा सत्तांशी पेशव्यांना विचारल्याशिवाय बोलणी करायची नाहीत, असे जानोजींना कबूल करावे लागले. परराष्ट्रसंबंधच गहाण पडले. दोन्ही मोठ्यांशी ठेवलेले संबंध म्हणजे दोन्हींना विकलेला शब्द नव्हे, हा फरक जानोजींना कळला नाही असे नाही; त्या काळात तो पाळणे कठीण होते. मात्र दोघा मोठ्यांना समान राग यावा इतके एकाच वेळी कोणालाही फसवू नये, हे त्यातून दिसते.

आश्रयाची सर्वांत महागडी पावतीही वाशिम ज्यात येते त्या वऱ्हाडच्याच नावे फाटली. निजामाने १७९८ साली इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. शेजारच्या मराठ्यांच्या भीतीने सर्वांत बलवान सत्तेचे छत्र घेतले, हुबेहूब सिद्धान्त सांगतो तसे. मराठ्यांची भीती गेली. पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या वेगळ्या फौजेचा खर्च मात्र निजामाच्या डोक्यावर चढत गेला, आणि थकलेल्या रकमेपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० मध्ये कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड परत आले नाही. निजामाचा दिवाण सालारजंग याने ते मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, इंग्लंडलाही जाऊन आला. अखेर १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. ज्या सत्तेपासून बचावासाठी फौज घेतली तिचा मागमूस १८१८ मध्येच पुसला गेला होता. फौजेचे बिल त्यानंतर पस्तीस वर्षे वाढत राहिले.

‘हे सगळे जुने झाले, अण्वस्त्रांच्या आणि जागतिक बाजारपेठेच्या काळात लहानाला मोकळीक कोठली’ असा शेवटचा आक्षेप असतो. त्याला उत्तर चालू काळातूनच देता येते. १९६५ साली मलेशियातून बाहेर पडलेल्या सिंगापूरला ना शेती ना पाणी. ब्रिटिश तळही १९७१ मध्ये उठले. पुढे या देशाने अमेरिकेच्या नौदलाला सोयी दिल्या, तैवानमध्ये आपले सैनिक प्रशिक्षणाला पाठवले, आणि तरी १९९० मध्ये चीनशी रीतसर राजनैतिक संबंध जोडले. तेही आधी इंडोनेशियाला जोडू दिल्यावर, म्हणजे लगतच्या शेजाऱ्याचा क्रम राखून. जिबुतीत अमेरिका, फ्रान्स, जपान आणि २०१७ पासून चीन असे सगळ्यांचे तळ आहेत. हे चतुर वाटले तरी त्याला फार धीट मानू नये. भाडे देणारे वाढले म्हणजे घरमालक बलवान झाला असे होत नाही, आणि श्रीलंकेने हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी दिले तेव्हा भाडेकरूच वरचढ कसा होतो हे दिसले.

सर्वांत नेमके उदाहरण तिमोर-लेस्तेचे. २००२ मध्ये स्वतंत्र झालेला हा गरीब देश. शेजारी ऑस्ट्रेलिया, ज्याच्या फौजेने १९९९ च्या हिंसाचारानंतर तिथे शांतता आणली, म्हणजे उपकारकर्ताही तोच. सागरतळाच्या तेलावायूचा वाटा ठरवताना आश्रयाच्या सिद्धान्तानुसार तिमोरने गप्प बसायला हवे होते, नाहीतर चीनला बोलवायला हवे होते. त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यातली सक्तीच्या समेटाची तरतूद वापरली, जी त्याआधी कोणीच वापरली नव्हती, आणि मार्च २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाला कायमची सागरी सीमा मान्य करायला लावली. ग्रेटर सनराईझ क्षेत्रातल्या वायूची नळवाट मात्र करारात ठरली नाही: नळ तिमोरच्या किनाऱ्यावर आला तर उत्पन्नात त्याचा वाटा ७० टक्के, ऑस्ट्रेलियाकडे गेला तर ८० टक्के. तिमोरच्या सरकारांनी तेव्हापासून कमी वाट्याच्या, पण आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या नळाचाच आग्रह धरला आहे.